बेलग्रेडचे मिटलेले दार

पिंपळे गुरवच्या वस्तीतून पवना ओलांडली की कासारवाडी-दापोडीचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. १९६० नंतरच्या काळात सँडविक, ॲटलास कॉप्को, अल्फा लावल या स्वीडिश कंपन्यांनी दापोडीत आपले कारखाने थाटले. चिंचवडला एसकेएफचे बेअरिंग तयार होऊ लागले, पिंपरीत जर्मन केएसबीचे पंप आले. पुढे १९९० नंतरच्या दशकात मर्सिडीज-बेंझने पिंपरीत मोटारी बांधावयास आरंभ केला, आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला उभा राहिला. युरोपचे भांडवल, युरोपची यंत्रे आणि त्यांच्यासमवेत युरोपचे तंत्रज्ञ या परिसरात साठ वर्षांहून अधिक काळ येत-जात आहेत. या कारखान्यांच्या आधारानेच पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी ही एकेकाळची शेतीची गावे दाट लोकवस्तीची उपनगरे झाली.

परंतु याच कारखान्यात तीस वर्षे राबून निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या शिक्षिका पत्नीला जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे दोन महिने राहावयास जायचे असेल, तर त्यांना बँकेचे उतारे, निवृत्तिवेतनाचा दाखला, घराची कागदपत्रे, मुलाचे हमीपत्र आणि परतीच्या तिकिटाची नोंद घेऊन बोटांचे ठसे देण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. एवढे करून व्हिसा मिळेलच, याची शाश्वती नसते. भांडवलाला ज्या वाटेने येता येते, त्या वाटेने माणसाला जाता येत नाही, ही विसंगती नवी नाही. तथापि, अलीकडच्या एका घटनेने तिचे स्वरूप अधिक स्पष्ट केले आहे. ती घटना म्हणजे सर्बियाने भारतीयांसाठी उघडलेले आणि पुन्हा मिटलेले दार.

पाच वर्षांची सवलत

सप्टेंबर २०१७ मध्ये सर्बियाने भारतीय पारपत्रधारकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देण्याचा निर्णय केला. युरोप खंडातील देशांत सामान्य भारतीय नागरिकाला अशी मुभा क्वचितच मिळते. त्यामुळे प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत बेलग्रेडचे नाव झळकू लागले. या निर्णयामागे राजकारणही होते. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाला ते मान्य नाही आणि भारतानेही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. सर्बियाने ज्या देशांना अशा सवलती दिल्या, त्यांत कोसोव्होला न मानणाऱ्या देशांचा भरणा होता, असा आक्षेप युरोपातून वारंवार घेतला गेला. १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद याच बेलग्रेडमध्ये भरली होती आणि टिटो, नेहरू व नासर एका व्यासपीठावर आले होते. त्या जुन्या स्नेहाची आठवणही या निर्णयाच्या मुळाशी असावी, असे मानावयास जागा आहे.

परंतु सर्बियाची सरहद्द हंगेरीला भिडते आणि हंगेरीपासून शेंगेन क्षेत्राचा आरंभ होतो. या क्षेत्रात एकदा पाऊल पडले की पुढील सीमांवर नित्याची तपासणी नसते. २०२२ मध्ये बेलग्रेडला विमानाने उतरलेले कित्येक भारतीय तरुण दलालांच्या साहाय्याने पायी वा मोटारीने ऑस्ट्रियात पोहोचले आणि त्यांनी तेथे आश्रयाचे अर्ज केले. त्या एका वर्षात ऑस्ट्रियात भारतीयांच्या अर्जांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. राजकीय छळापासून पळालेल्यांना जो आश्रय मिळतो, तो यांपैकी जवळजवळ कोणालाच मिळण्याची शक्यता नव्हती. अनेकांना तेथे राहायचेही नव्हते. अर्जाची पावती हाती आल्यावर ते पुढच्या देशांकडे निघून गेले.

ऑस्ट्रिया आणि युरोपीय संघ यांनी सर्बियावर दबाव आणला, आणि या दबावाला धार होती. १९ डिसेंबर २००९ पासून सर्बियाच्या नागरिकांना शेंगेन क्षेत्रात व्हिसाविना जाता येते. भारतीयांची सोय राखायची की आपल्या नागरिकांची सवलत धोक्यात घालायची, असा हा प्रश्न होता. आणि कोणतेही सरकार त्याचे जे उत्तर देईल, तेच सर्बियाने दिले. २०२२ च्या अखेरीस ट्युनिशिया आणि बुरुंडी यांच्या सवलती गेल्या. त्यापाठोपाठ १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांनाही व्हिसा सक्तीचा झाला. त्यानंतर ऑस्ट्रियातील भारतीयांच्या अर्जांची संख्या झपाट्याने घसरली. म्हणजे रोगाचे निदान चुकले नव्हते; परंतु औषधाचा कडू घोट प्रामाणिक प्रवाशालाही घ्यावा लागला.

शेंगेन, ब्रिटन वा अमेरिका यांचा वैध व्हिसा ज्याच्यापाशी आहे, त्या भारतीयाला आजही सर्बियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. याचा अर्थ असा, की सर्बियाने भारतीय माणसाची पारख करण्याचे काम स्वतःकडे न ठेवता बड्या देशांकडे सोपविले आहे. ज्यांना त्यांनी पारखून घेतले, त्यांच्यापुरते बेलग्रेडचे दार उघडे आहे.

व्हिसामुक्त म्हणजे अटमुक्त नव्हे

व्हिसामुक्त प्रवास म्हणजे तिकीट काढून निघावे आणि कोणी काही विचारू नये, अशी एक समजूत आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. शेंगेनच्या सीमाविषयक संहितेनुसार व्हिसातून सूट मिळालेल्या प्रवाशालाही वैध पारपत्र, प्रवासाचे कारण, राहण्याची सोय आणि पुरेसा पैसा दाखवावा लागू शकतो. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी, अशी अट आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि नोकरी करण्याची मुभा तर मुळीच नाही. आता व्हिसातून सूट असलेल्यांनाही प्रवासापूर्वी संगणकीय अनुज्ञा घ्यावी लागेल, अशी योजना युरोपीय संघाने आखली असून तिचे शुल्क २० युरो ठरविले आहे.

तेव्हा व्हिसामुक्त आणि व्हिसाबद्ध यांतील भेद अटी असणे वा नसणे हा नाही. अटींची पूर्तता कोठे तपासली जाते, आणि संशयाचा भार कोणावर असतो, येथे खरा भेद आहे. व्हिसामुक्त प्रवाशाकडे अधिकारी विश्वासाने पाहतो आणि शंका आल्यास विचारतो. व्हिसाबद्ध प्रवाशाकडे तो प्रथम संशयाने पाहतो आणि शंका फिटल्यास सोडतो. जपान, ब्राझील वा मलेशिया यांचा नागरिक पहिल्या रांगेत उभा असतो. भारताचा नागरिक दुसऱ्या.

या दुसऱ्या रांगेची किंमत आकड्यांत मांडता येते. शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ८० युरोंवरून ९० युरो झाले. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार आणि किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता येतो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर आईवडील मिळून नुसते शुल्कच अठरा हजार रुपये होते. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार नाकारले गेले, म्हणजे शंभरातील पंधरा. या नाकारलेल्या अर्जांपोटी भारतीय कुटुंबांचे शंभर कोटी रुपयांहून अधिक शुल्क वाया गेले, असा अंदाज सहज बांधता येतो. नकाराबरोबर छापील कारणांची एक यादी हाती पडते आणि त्यांतील एखाद्या कारणापुढे खूण केलेली असते. ‘मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या हेतूविषयी रास्त शंका’ हे त्यांतील नेहमीचे कारण. ज्या माणसाने एकाच शाळेत, एकाच कचेरीत आयुष्य घालविले, त्याने आपला परतण्याचा हेतू कोणत्या कागदाने सिद्ध करावा? अपिलाचा हक्क आहे. पण परक्या देशाच्या कायद्यानुसार, परक्या भाषेत अपील चालविण्याचे बळ किती जणांत असते?

दारे कशी मिटत गेली

हे असे पूर्वीपासून नव्हते. १ जुलै १९६२ रोजी राष्ट्रकुल स्थलांतरविषयक कायदा अमलात येईपर्यंत भारतीय नागरिक ब्रिटनमध्ये जवळजवळ मुक्तपणे जाऊन स्थायिक होऊ शकत होता. त्यानंतर कामासाठी परवाना आला, तरी नुसत्या भेटीसाठी जाणाऱ्याला आगाऊ व्हिसाची सक्ती नव्हती. युरोपात १९७३ च्या तेलसंकटानंतर बेकारी वाढली, परदेशी कामगारांची भरती थांबली आणि बाहेरून येणाऱ्यांविषयीची दृष्टी पालटली. आश्रय मागणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा १९८० मध्ये पश्चिम जर्मनीने भारतासह अनेक देशांना व्हिसा लागू केला. १९८६ मध्ये ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या पाच देशांच्या नागरिकांवर व्हिसाचे बंधन घातले.

या इतिहासातील एक पान आपल्या सोयीसाठी विसरले जाते. १९८४ मध्ये पंजाबातील अशांततेच्या काळात भारतानेच ब्रिटिश नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला होता. आजही नेपाळ, भूतान, मालदीव अशा मोजक्या शेजाऱ्यांखेरीज कोणत्याही देशाच्या सामान्य नागरिकाला भारतात व्हिसाविना येता येत नाही. संगणकीय व्हिसाची सोय २०१४ नंतर विस्तारली, पण व्हिसा गेला नाही. सर्बियाने आपल्याला सवलत दिली, तेव्हा आपण सर्बियन नागरिकाला तीच सवलत दिली नव्हती. एकतर्फी दिलेली वस्तू एकतर्फी काढून घेतली गेली, तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही.

गोव्याची वेगळी वाट

युरोपात व्हिसाविना जाण्याची एक वाट मात्र मराठी माणसाच्या शेजारीच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांचे काही पिढ्यांपर्यंतचे वंशज लिस्बन येथील दप्तरात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवू शकतात. हजारो गोमंतकीयांनी ते मिळविले. त्यांतील कित्येक पोर्तुगालमध्ये न राहता ब्रिटनला गेले. इंग्लंडमधील स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांसाठी तो मार्ग बंद झाला.

परंतु या सवलतीचे मोल जबर आहे. भारतात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे परदेशस्थ भारतीयाचा दर्जा मिळाला, तरी मतदानाचा हक्क गेलेला असतो. वडिलोपार्जित घर, देऊळ वा चर्च, गावची जत्रा आणि फेस्त हे सारे जेथे आहे, त्या गावाच्या पंचायतीत मत देता येऊ नये आणि ज्या देशाची भाषाही येत नाही, त्या देशाचे नागरिक म्हणून मिरवावे, अशी ही स्थिती आहे. पारपत्राच्या बळातील तफावत किती मोठी आहे, याचे याहून बोलके प्रमाण दुसरे नाही. माणसे आपले राष्ट्रीयत्व हौसेने बदलत नाहीत. मुलांना मिळणाऱ्या मजुरीतील फरक त्यांना तसे करावयास लावतो.

मुळाशी असलेले अर्थशास्त्र

युरोपीय संघाने जगातील देशांच्या दोन याद्या केल्या आहेत. एका यादीतील नागरिकांना व्हिसा लागतो, दुसरीतील नागरिकांना लागत नाही. देश कोणत्या यादीत घालावा, हे ठरविताना बेकायदा स्थलांतराचा धोका, सुरक्षितता, व्यापार व पर्यटनापासूनचा लाभ, परराष्ट्रसंबंध आणि परस्परता यांचा विचार व्हावा, असे २०१८ च्या नियमावलीत नमूद आहे. दारिद्र्य ही अपात्रता म्हणून त्यात लिहिलेली नाही. मोल्डोव्हा हा युरोपातील अत्यंत गरीब देशांपैकी एक. त्याला २०१४ मध्ये सूट मिळाली. जॉर्जिया आणि युक्रेन यांना २०१७ मध्ये, तर कोसोव्होला १ जानेवारी २०२४ पासून मिळाली. कोलंबिया आणि पेरू हे युरोपपासून दूर असलेले देशही २०१५-१६ मध्ये या यादीत गेले.

पूर्व युरोपातील देशांना ही सूट फुकट मिळाली नाही. चिप बसविलेली पारपत्रे, सीमांचा कडक बंदोबस्त, भ्रष्टाचाराला आळा आणि मुख्य म्हणजे बेकायदा राहिलेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्याचा करार, या पायऱ्या त्यांना चढाव्या लागल्या. सूट एकदा मिळाली की कायमची, असेही नाही. पैसे घेऊन पारपत्रे विकणाऱ्या वानुआतू या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्राची सूट संघाने प्रथम स्थगित केली आणि २०२४ च्या अखेरीस काढून घेतली.

भारताच्या बाबतीत अडचण आकाराची आहे. मोल्डोव्हाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. भारताची एकशे चाळीस कोटींवर. भारतीयांपैकी हजारात एकाने मुदतीनंतर मागे राहायचे ठरविले, तरी तो आकडा चौदा लाखांवर जातो, ही युरोपीय अधिकाऱ्याच्या मनातली भीती आहे. ही भीती अवास्तव आहे, कारण हजारातील एकापाशी विमानाचे भाडे भरण्याचीही ऐपत असेलच असे नाही. परंतु धोरणे पुष्कळदा भीतीवरच ठरतात, आणि ऑस्ट्रियातील वीस हजार अर्जांनी त्या भीतीला पुरावा पुरविला.

दलाल आणि दारात उभा असलेला तरुण

हा पुरावा कोणी निर्माण केला? ते तरुण गुन्हेगार नव्हते. शेतीचा तुकडा विकून किंवा कर्ज काढून त्यांनी दलालाला पैसे मोजले होते. बेलग्रेडपर्यंतचा प्रवास कायदेशीर होता, म्हणूनच तो विकणे सोपे होते. पुढची जंगलवाट जाहिरातीत नव्हती. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा भारतात १९८३ पासून आहे. पण जो दलाल कागदोपत्री नोकरी विकतच नाही, केवळ सहल विकतो, तो या कायद्याच्या जाळ्यातून सुटतो. विमानतळावरील अधिकाऱ्याला प्रवाशाचा हेतू ओळखता येत नाही, आणि फसगत झालेला तरुण लाजेने व कर्जाच्या धाकाने तक्रार करीत नाही. अशा प्रत्येक फसवणुकीचे बिल अखेर पिंपळे गुरवच्या निवृत्त शिक्षिकेच्या नामंजूर अर्जाच्या रूपाने वसूल होते. ज्याने काही केले नाही त्याने भरपाई करावी, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच व्हिसामुक्त प्रवासाचा प्रश्न केवळ राष्ट्रीय मानापमानाचा करणे योग्य नाही. मानापमानाची भाषा सभेत टाळ्या मिळविते. वकिलातीत तिचा उपयोग होत नाही. तेथे नोंदींना किंमत असते, आणि त्या दृष्टीने काही गोष्टी भारताच्या बाजूने घडू लागल्या आहेत. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाने भारतासाठी स्वीकारलेल्या नियमानुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसांचा नियमाने वापर करणाऱ्याला दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. नियम पाळणाऱ्याला विश्वासाची बढती देण्याचे हे तत्त्व आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवाशांच्या येण्याजाण्याची नोंद यंत्राने ठेवण्यास टप्प्याटप्प्याने आरंभ झाला. त्यामुळे किती भारतीय मुदतीत परततात, हे अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येईल. भारताने ही आकडेवारी अधिकृतपणे मागून घ्यावी आणि प्रत्येक वाटाघाटीत टेबलावर ठेवावी. बहुसंख्य भारतीय वेळेवर परततात, असा जो आपला दावा आहे, तो सिद्ध करण्याची ही संधी आहे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत जर्मनीशी ५ डिसेंबर २०२२ रोजी झालेला स्थलांतर व गतिशीलता करार हा अधिक भरीव मार्ग आहे. कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या वाढत आहे, रुग्णालयांना परिचारिका आणि कारखान्यांना कुशल कारागीर हवे आहेत. चाकणच्या कारखान्यात शिकलेल्या हाताला तेथे मागणी आहे. ही मागणी ओळखून भाषेचे व व्यवसायाचे पक्के शिक्षण येथेच दिले, तर बेलग्रेडच्या जंगलवाटेचे आकर्षण आपोआप ओसरेल. मात्र अशा करारांत बेकायदा राहिलेल्यांना परत घेण्याची जबाबदारीही असते. ती टाळून नुसती सवलत मागता येणार नाही.

युरोपनेही काही गोष्टी मान्य करावयास हव्यात. नाकारलेल्या अर्जाच्या शुल्काचा निदान काही भाग परत करणे, नकाराची कारणे अर्जदाराच्या परिस्थितीशी जोडून सांगणे, मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी वेगळी व सोपी पद्धत ठेवणे, यांत कोणाची सुरक्षितता धोक्यात येत नाही. ज्या देशातून नफा मायदेशी नेता येतो, त्या देशातील कामगाराच्या आईबापांना सुनेच्या बाळंतपणाला वेळेवर पोहोचता यावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

भारत व्हिसामुक्त देशांच्या यादीत जाण्यास बराच काळ लागेल. तोवर सरकारने परस्परतेची तयारी दाखवावी, सहलीच्या नावाखाली माणसे विकणाऱ्या दलालांना कायद्याच्या कक्षेत आणावे आणि नोंदींच्या आधारे आपली बाजू मांडावी. या तीन गोष्टींसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. बेलग्रेडचे दार बाहेरून मिटले गेले, हे खरे. पण ते मिटण्याची कारणे ज्या गावांत तयार झाली ती गावे भारतात आहेत, आणि तेथील तरुणाला घराजवळ पोटापुरते काम मिळाले असते, तर त्याने ते दार ठोठावलेही नसते.